विश्लेषण : माशी पाण्यावर की पाण्याखाली? एका वकिलाला त्याची नदी सोडायला लावणारा वाद नेमका काय होता?

फेब्रुवारी १९३८. लंडनच्या ‘फ्लायफिशर्स क्लब’मध्ये एका संध्याकाळी सदस्य चर्चेसाठी जमले होते. विषय ऐकायला साधा होता. ट्राउट मासा पकडताना गळावरची नकली माशी पाण्यावर तरंगलीच पाहिजे, की ती पाण्याखाली गेली तरी चालेल? पण या चर्चेच्या केंद्रस्थानी एकच माणूस होता. वय ७९, पेशाने वकील, लग्न केलेले नाही, आणि आयुष्यातली पन्नासहून अधिक वर्षे एकाच नदीच्या काठावर घालवलेली. त्यांचे नाव जॉर्ज एडवर्ड मॅकेन्झी स्क्यूज. ते गळावरची माशी पाण्याखाली बुडवत होते, एवढाच त्यांच्यावरचा आक्षेप होता. १८८३ पासून ज्या पाण्यावर ते मासेमारी करत होते, ते पाणी त्यांनी त्याच वर्षी सोडले. आज जगभर फ्लाय फिशिंग करणारा जवळपास प्रत्येक जण त्यांची पद्धत वापरतो. मग तेव्हा एवढा गदारोळ कशासाठी झाला? जाणून घेऊ या.

आधी हे सांगा, नकली माशी म्हणजे काय?

गळाने मासे पकडायचे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गांडूळ किंवा कणकेची गोळी येते. फ्लाय फिशिंगमध्ये खरे आमिष नसतेच. छोट्या गळावर रेशमी धागा, पिसे आणि प्राण्यांचे केस गुंडाळून कीटकासारखी दिसणारी वस्तू तयार करतात. तिलाच ‘फ्लाय’ म्हणतात आणि ती तयार करण्याला माशी बांधणे. ही माशी इतकी हलकी असते की ती फेकताच येत नाही. म्हणून वजन दोरीला दिलेले असते. काठीने ती दोरी आसुडासारखी मागे-पुढे हलवायची आणि दोरीसोबत माशी पुढे जाऊन पडते.

ही कला नवी नाही. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या मासेमारीवरच्या एका पुस्तिकेत १२ माश्यांच्या कृती दिलेल्या आहेत. म्हणजे आपल्याकडे वास्को-द-गामा पोहोचण्याच्या दोन वर्षे आधी तिकडे कोणत्या महिन्यात कोणत्या रंगाची माशी बांधावी, हे छापून झाले होते.

यात आपल्या सह्याद्रीचाही एक धागा आहे आणि तो फारसा अभिमानाचा नाही. सामन माशासाठी बांधल्या जाणाऱ्या भडक, मोठ्या माश्यांमध्ये राखाडी रानकोंबड्याच्या मानेची पिसे लागत. या पिसांवर एनॅमलचा थेंब पडल्यासारखे चकचकीत ठिपके असतात. हा पक्षी पश्चिम घाटात आणि दक्षिण व मध्य भारतात आढळतो. एकेकाळी त्याची पिसे मोठ्या प्रमाणावर विलायतेला जात. आता हा पक्षी आपल्याकडे कायद्याने संरक्षित आहे. स्क्यूज यांचे काम मात्र या भडक माश्यांशी नव्हते. त्यांच्या माश्या नखाएवढ्या, मळकट आणि पहिल्या नजरेत अगदीच सामान्य होत्या.

स्क्यूज कोण होते?

त्यांचा जन्म ऑगस्ट १८५८ मधला, न्यूफाउंडलंड बेटावरच्या सेंट जॉन्स शहरातला. वडील लष्करात शल्यचिकित्सक होते. भावंडांमध्ये स्क्यूज सर्वांत थोरले. लहानपणीच ते ब्रिटनमध्ये आले आणि १८७२ मध्ये विंचेस्टर कॉलेज या शाळेत दाखल झाले. त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते या शाळेमुळे, पण वर्गातल्या शिक्षणामुळे नाही. विंचेस्टर गावातून इचेन नावाची नदी वाहते आणि ट्राउट माशासाठी ही नदी जगप्रसिद्ध आहे.

इचेन ही ‘चॉक स्ट्रीम’ म्हणजे खडूच्या खडकातून झिरपून येणाऱ्या पाण्याची नदी आहे. अशा नद्या जगात साधारण दोनशेच आहेत आणि त्यातल्या बहुतेक इंग्लंडमध्ये आहेत. पाऊस जमिनीत मुरतो, खडूतून गाळला जातो आणि झऱ्यांमधून बाहेर येतो. त्यामुळे पाणी काचेसारखे स्वच्छ, वर्षभर जवळपास सारख्या तापमानाचे आणि पाणवनस्पतींनी भरलेले असते. काठावरून मासा दिसतो. अडचण एवढीच की माशालाही तुम्ही दिसता.

शाळा संपल्यावर स्क्यूज लंडनला गेले, वकिलीच्या कार्यालयात उमेदवारी केली आणि पुढे त्याच फर्ममध्ये भागीदार झाले. नोकरी, फायली, अशिलांची पत्रे असे सगळे नियमित चालले होते. १८८३ मध्ये आयर्विन कॉक्स यांनी त्यांना विंचेस्टरजवळच्या ॲबट्स बार्टन येथील आपल्या पाण्यावर मासेमारीची मुभा दिली. इंग्लंडमध्ये नदीचा मासेमारीचा हक्क काठाच्या मालकाकडे असतो आणि तो भाड्यानेही दिला जातो. नोकरदार तरुणाला इचेनवर अशी जागा मिळणे म्हणजे लॉटरीच होती. पुढची ५५ वर्षे शहरातले काम आटोपून रेल्वेने विंचेस्टर गाठायचे, हाच त्यांचा क्रम राहिला.

पाण्यावर तरंगणारी माशी ‘नियम’ कशी झाली?

स्क्यूज नदीवर आले तेव्हा चॉक स्ट्रीमवर एका माणसाचा शब्द अखेरचा मानला जाई. त्यांचे नाव फ्रेडरिक हॅल्फर्ड. १८४४ मध्ये जन्मलेले हॅल्फर्ड उद्योजक घराण्यातले. १८७९ मध्ये विंचेस्टरच्या एका मासेमारी साहित्याच्या दुकानात त्यांची जॉर्ज सेल्विन मॅरियट यांच्याशी भेट झाली. मॅरियट हे त्या काळातले सर्वांत कसलेले मासेमार मानले जात. दोघांनी मिळून नदीवरचे कीटक पकडले, त्यांच्या जाती ओळखल्या, रंग टिपले आणि हुबेहूब नकली माश्या बांधल्या. १८८६ मध्ये हॅल्फर्ड यांचे तरंगत्या माश्यांवरचे पुस्तक आले आणि १८८९ मध्ये ‘ड्राय फ्लाय’ मासेमारीचा सविस्तर ग्रंथ आला.

हे काम मोलाचे होते, यात वाद नाही. त्याआधी पाण्यात बुडालेली माशी प्रवाहाबरोबर खाली सोडायची आणि मासा लागेल तेव्हा लागेल, असा प्रकार असे. हॅल्फर्ड यांनी त्यात शिस्त आणली. आधी मासा वर येऊन कीटक खाताना दिसला पाहिजे. तो कोणता कीटक खातो ते ओळखायचे. तसाच नकली कीटक निवडायचा आणि माशाच्या मागून, प्रवाहाच्या वरच्या दिशेने, त्याच्या डोक्याच्या थोडा पुढे अलगद तरंगत सोडायचा.

यातला एक दुवा वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. तरंगती माशी बांधायला सोयीचा, डोके नेढ्यासारखे असलेला छोटा गळ विकसित करण्यात हेन्री सिंक्लेअर हॉल यांचा मोठा वाटा होता. त्याआधी गळाला नेढे नसे. घोड्याचा केस किंवा रेशीमकिड्याच्या आतड्याचा धागा गळाच्या दांडीलाच बांधलेला असे आणि तो कुजला की अख्खी माशी वाया जाई. हे हॉल कोण? क्लिफ्टन कॉलेजचे गणिताचे शिक्षक आणि ‘हॉल अँड नाइट’च्या ‘हायर अल्जिब्रा’मधले हॉल! आयआयटीची तयारी करताना ज्या पुस्तकाने आपल्यापैकी अनेकांची झोप उडवली, त्याचा लेखक संध्याकाळी नदीवर बसून गळाच्या नेढ्याचा विचार करत होता. असो.

अडचण पुढे झाली. हॅल्फर्ड यांनी दिलेली पद्धत त्यांच्या अनुयायांनी धर्म करून टाकली. तरंगती माशी हीच सज्जनांची मासेमारी. बुडणारी माशी म्हणजे फसवणूक, निदान चॉक स्ट्रीमवर तरी. अनेक मासेमारी हक्कांच्या करारात ‘फक्त ड्राय फ्लाय’ अशी अट आली. स्वतः स्क्यूजही सुरुवातीला हॅल्फर्ड यांची पुस्तके वाचूनच घडले होते, हे विसरता येत नाही.

मग स्क्यूज यांना वेगळे काय दिसले?

शोध लागला तो एका बिघडलेल्या माशीमुळे. तरंगती माशी बांधायला कोंबड्याच्या मानेचे ताठ, पाणी न शोषणारे पीस लागते. गळाभोवती गुंडाळले की त्याचे तंतू चाकाच्या आऱ्यांसारखे उभे राहतात आणि त्यावर माशी पाण्याच्या पृष्ठभागावर तोलली जाते. १८९० च्या दशकात एके दिवशी स्क्यूज यांच्या गळावर असलेल्या माशीचे पीस निकृष्ट निघाले. ती तरंगेना, पुन्हा पुन्हा बुडत राहिली. नियमाप्रमाणे ती बाद होती, पण ट्राउटने ती पाण्याखालीच घेतली. एकदा झाले असते तर योगायोग म्हणून सोडून देता आले असते, पण पुन्हा तसेच झाले.

यामागचे जीवशास्त्र थोडक्यात समजून घेऊ. या नद्यांमधला ट्राउटचा आवडता कीटक म्हणजे मेफ्लाय गटातले कीटक. त्यांचे आयुष्य उलटेपालटे असते. अंड्यातून बाहेर आल्यावर ते निम्फ म्हणजे बालकीटक म्हणून नदीच्या तळाशी, वनस्पतींमध्ये राहतात. काही जाती तिथे वर्षभर, काही त्याहून जास्त काळ काढतात. मग एके दिवशी निम्फ पृष्ठभागाकडे पोहत येतो, कात टाकतो आणि पंख असलेला कीटक बाहेर पडतो. पंख फुटल्यावरही पुन्हा एकदा कात टाकणारा कीटकांचा हा एकमेव गट आहे. त्यानंतर जोडीदार शोधणे, अंडी घालणे आणि मरणे, हे सगळे साधारण एक-दोन दिवसांत, कधी काही तासांत उरकते. प्रौढ कीटकाला खायला तोंडही कामाचे उरत नाही.

आता ट्राउटच्या बाजूने विचार करा. पंख असलेला कीटक पाण्यावर काही क्षण असतो. निम्फ पाण्याखाली महिनोन्‌महिने असतो, आणि वर येताना तर तो अगदीच असहाय असतो. मग मासा कुठे जास्त खात असेल?

तरंगत्या माशीच्या समर्थकांना एक गोष्ट नेहमी सतावत असे. मासा समोर दिसतोय, पाणी हलतेय, तो काहीतरी खातोय हे नक्की, तरी सर्वोत्तम तरंगत्या माशीकडे तो ढुंकूनही पाहत नाही. पाण्याचा पृष्ठभाग फुगल्यासारखा होतो, पण माशाचे तोंड बाहेर येत नाही. हॅल्फर्ड यांच्या मते असा मासा पकडण्याच्या लायकीचा नव्हता, त्याला सोडून पुढे जावे. स्क्यूज यांच्या मते तो फक्त जेवत होता, ताट मात्र पृष्ठभागाच्या काही इंच खाली होते.

नळीच्या चमच्याचा इथे काय संबंध?

मटणाच्या रश्श्यातली नळी आपण आपटून, ओढून खातो. विलायतेतल्या साहेबांकडे त्यासाठी चांदीचा लांबट, पन्हळीसारखा चमचा असे. स्क्यूज यांनी हा चमचा जेवणाच्या टेबलावरून उचलला आणि नदीवर नेला. पकडून मारलेल्या ट्राउटच्या तोंडातून तो पोटापर्यंत सरकवायचा, फिरवायचा आणि बाहेर काढायचा. चमच्यात आलेला लगदा पांढऱ्या बशीतल्या पाण्यात सोडायचा. मग लगदा सुटा होई आणि एकेक कीटक वेगळा तरंगू लागे.

बशीत काय दिसे? बऱ्याचदा पंख असलेले कीटक मोजकेच आणि निम्फ ढिगाने. माशाने शेवटच्या तासाभरात काय खाल्ले याची ही नोंदच होती. मला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट ही आहे. तोवरचा वाद काठावर उभे राहून, माशाच्या मनात काय असेल याच्या अंदाजांवर चालला होता. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचे तर सगळे जण आउटपुटवर भांडत होते आणि या वकिलाने थेट लॉग फाइल उघडली. वकील असल्यामुळे पुरावा म्हणजे काय हे त्यांना ठाऊक असावे.

बशीतले निम्फ पाहून त्यांनी तशाच माश्या बांधल्या. १९१० मध्ये त्यांचे पहिले पुस्तक ‘मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम’ आले. शीर्षकातच नम्रपणा आहे. ही दुय्यम युक्ती आहे, मुख्य पद्धत तरंगतीच, असा त्यांचा सूर होता. योगायोगाने त्याच वर्षी हॅल्फर्ड यांनीही पुस्तक काढले आणि आयुष्यभराच्या कामाचा निचोड म्हणून तरंगत्या माश्यांची संख्या ३३ वर आणून ठेवली. क्लबात एक किस्सा नंतर बरीच वर्षे सांगितला जाई. हॅल्फर्ड यांनी स्क्यूज यांना गाठून इचेनवर असे मासे पकडता येणारच नाहीत असे बजावले आणि स्क्यूज यांनी शांतपणे, आपण तर पकडले आहेत, एवढेच सांगितले.

हॅल्फर्ड १९१४ मध्ये गेले. स्क्यूज यांचे सर्वांत गाजलेले पुस्तक त्यानंतर, १९२१ मध्ये आले. ‘द वे ऑफ अ ट्राउट विथ अ फ्लाय’. यात त्यांनी प्रश्नच उलटा विचारला. माशी आपल्याला कशी दिसते ते सोडा, ट्राउटला ती खालून कशी दिसते?

बारावीच्या भौतिकशास्त्रात क्रिटिकल अँगल शिकलेला आठवतो का? पाण्यासाठी तो सुमारे ४८.६ अंश असतो. त्यामुळे पाण्याखालच्या माशाला बाहेरचे जग फक्त डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसते. त्या खिडकीबाहेरचा सगळा पृष्ठभाग त्याच्यासाठी आरसा असतो, त्यात नदीचा तळ दिसतो. तरंगणारी माशी लांबून येत असेल तर या आरशावर तिच्या पायांचे खळगे तेवढे दिसतात. बाकी माशी खिडकीत आल्यावरच दिसते. बुडालेला निम्फ मात्र थेट, आरपार दिसतो. म्हणून निम्फ बांधताना काय हुबेहूब असावे आणि काय नसले तरी चालेल, याचा हिशेब पूर्ण बदलतो.

अशी माशी बांधतात कशी?

साहित्य थोडेच लागते. १४ किंवा १६ नंबरचा गळ, म्हणजे जेमतेम सेंटिमीटरभर. मेण लावलेला बारीक रेशमी धागा. सशाच्या कानावरचे केस किंवा सीलची लोकर. कोंबडीच्या मानेचे एखादे मऊ पीस. आणि अगदी बारीक तार.

गळ छोट्या शिकंज्यात पकडायचा. वर्कशॉपमधल्या बेंच व्हाइसचे धाकटे भावंड समजा. नेढ्याच्या मागून धागा गुंडाळत शेपटीकडे न्यायचा. तिथे पिसाचे दोन-तीन तंतू शेपटी म्हणून बांधायचे, आखूडच. मग लोकर चिमटीत घेऊन मेणलेल्या धाग्यावर पिळायची. देवापुढच्या समईची वात वळतो, अगदी तशी. हा केसाळ धागा गुंडाळत पुढे यायचे. मागे बारीक आणि छातीकडे फुगीर, कारण निम्फच्या छातीवर पंखांची घडी असते. वरून तारेचे वेढे, म्हणजे पोटाचे वळे दिसतात. शेवटी मऊ पिसाचे एक-दोनच वेढे, पाय म्हणून, आणि गाठ.

इथेच स्क्यूज यांचा फरक कळतो. तरंगत्या माशीला ताठ पिसाचे भरपूर वेढे हवेत. निम्फला मऊ पीस आणि तेही कमीत कमी, कारण त्याने पाणी प्यायला हवे आणि प्रवाहात हलायला हवे. हा लेख लिहिताना शिवणाचा दोरा आणि उशीतल्या पिसावर मी प्रयोग करून पाहिला. जे तयार झाले ते कीटक वाटत नव्हते, धुळीचा गोळा वाटत होता. आणि गाठ सुटली ती वेगळीच.

साहित्याच्या शोधात माश्या बांधणारे कुठपर्यंत जातात, याचे एक उदाहरण सांगायलाच हवे. डेव्हनमधल्या टिव्हर्टन गावचे आर. एस. ऑस्टिन यांनी एक माशी तयार केली होती. तिच्या अंगात अनेक रंगांच्या लोकरीचे मिश्रण होते आणि त्यातला मुख्य घटक मेंढ्याच्या वृषणावरची लोकर हा होता. ही लोकर पाण्यात गेली की तिला जिवंत झळाळी येते, असे मानले जाई. या माशीला ‘टप्स इंडिस्पेन्सेबल’ हे नाव स्क्यूज यांनी दिले. ‘टप’ म्हणजे मेंढा. ऑस्टिन यांच्या पश्चात त्यांची मुलगी या माश्या बांधून विकत असे आणि घरच्या धंद्यावर गदा येऊ नये म्हणून कृती गुप्त ठेवली गेली. स्क्यूज यांना ती माहीत होती. मुलीचा व्यवसाय थांबल्यावरच त्यांनी ती जाहीर केली.

लिहायचेही ते भरपूर. नियतकालिकांत ‘सीफोर्थ अँड सोफोर्थ’, ‘व्हॅल कॉन्सन’ अशा गमतीशीर टोपणनावांनी लेख यायचे. अमेरिकेतले थिओडोर गॉर्डन हे त्यांचे पत्रमित्र होते. गॉर्डन यांना हॅल्फर्ड यांनी १८९० मध्ये आपल्या माश्यांचे नमुने पाठवले होते आणि त्यातून अमेरिकेतल्या तरंगत्या माशीची परंपरा उभी राहिली. म्हणजे एकाच माणसाचा एका बाजूने हॅल्फर्ड यांच्याशी आणि दुसऱ्या बाजूने स्क्यूज यांच्याशी पत्रव्यवहार. समुद्रापलीकडे ही भांडणे तेवढी तीव्र नव्हती, एवढे यातून कळते.

१९३२ च्या त्यांच्या पुस्तकात एक छोटी गोष्ट आहे आणि मासेमारीत रस नसलेल्यांनीही ती शोधून वाचावी. कॅस्टवेल नावाचे एक मासेमार गृहस्थ मरतात आणि त्यांना एका रमणीय नदीकाठी नेले जाते. पहिल्याच फेकीत चांगला ट्राउट लागतो. दुसऱ्या फेकीतही, तेवढ्याच वजनाचा, त्याच जागी. तिसऱ्यातही. पुढे जायचे म्हटले तर जाता येत नाही, थांबायचे म्हटले तर थांबता येत नाही. आपण स्वर्गात आलो असे समजणाऱ्या कॅस्टवेल यांच्या हळूहळू लक्षात येते की पत्ता दुसराच आहे. मासा प्रत्येक वेळी लागला पाहिजे म्हणून निम्फ वापरतात, असा आरोप ज्या माणसावर झाला, त्यानेच ही गोष्ट लिहिली होती.

मग १९३८ मध्ये नेमके काय बिघडले?

आयर्विन कॉक्स गेल्यावर ॲबट्स बार्टनचे पाणी काही जणांनी मिळून भाड्याने घेतले. स्क्यूज त्यांच्यातले एक. इतर सदस्य तरंगत्या माशीचे कट्टर समर्थक. एकाच पाण्यावर एक जण निम्फ वापरतो आणि बाकीच्यांना ते नियमबाह्य वाटते, अशी स्थिती झाली. वर्षे जात होती तशी कुरबुर वाढत गेली.

विरोधकांच्या बाजूने विचार केला तर त्यांचे मुद्दे अगदीच पोकळ नव्हते. बुडालेल्या माशीला लहान, वाढ न झालेले मासेही लागतात. टोचून सुटलेले मासे बुजतात आणि मग ते कुणालाच मिळत नाहीत. आणि एकदा बुडालेली माशी मान्य केली की कुणीही प्रवाहाखाली वाट्टेल तशी माशी ओढत फिरेल, मग शिस्त कुठे राहिली? हा शेवटचा मुद्दा आपल्याला ओळखीचा वाटेल. हाउसिंग सोसायटीच्या प्रत्येक बैठकीत कुणीतरी तो मांडतोच.

स्क्यूज यांचे म्हणणे असे की ते प्रवाहाखाली काही ओढत नाहीत. ते हॅल्फर्ड यांचेच नियम पाळतात. एकच मासा निवडायचा, तो काय खातो ते ओळखायचे, तशीच माशी बांधायची आणि प्रवाहाच्या वर, अचूक टाकायची. फरक एवढाच की मासा जे खातो तेच त्याला द्यायचे, आणि तो पाण्याखाली खात असेल तर पाण्याखाली द्यायचे. उलट यात कौशल्य जास्त लागते, कारण मासा लागला हे डोळ्यांना दिसत नाही. पाण्याखाली झालेली किंचित चमक किंवा दोरीचे सूक्ष्म थबकणे ओळखावे लागते.

फेब्रुवारीतल्या त्या चर्चेत क्लबमधले अनेक वजनदार सदस्य विरोधात बोलले आणि एकूण सूर स्क्यूज यांच्या विरोधातच राहिला. तर्काने ते हरले, असे म्हणता येणार नाही. पण क्लब आणि भागीदारीतली पाणी तर्कावर चालत नाहीत. त्याच वर्षी त्यांनी ॲबट्स बार्टन सोडले. ज्या वळणांवर, ज्या पुलाखाली त्यांनी अर्धशतकाहून जास्त काळ बशीत कीटक मोजले, तिथे आता त्यांचा हक्क उरला नव्हता.

माझे मत विचाराल तर यातली खरी गंमत, खरे तर शोकांतिका, अशी की हॅल्फर्ड यांनी मूळ सांगितले होते ते निरीक्षण करा हेच. त्यांच्या अनुयायांनी निरीक्षणाचा निष्कर्ष पाठ केला. निरीक्षण करत राहिला तो त्यांनी बाहेर काढलेला माणूस.

त्यानंतर स्क्यूज यांनी काय केले?

ते गप्प बसले नाहीत. १९३९ मध्ये, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षात, त्यांचे ‘निम्फ फिशिंग फॉर चॉक स्ट्रीम ट्राउट’ हे पुस्तक आले. वादात मांडायचे राहिलेले सगळे त्यात क्रमाने होते. १९४० मध्ये त्यांनी वकिली थांबवली आणि ते विल्टशरमध्ये, नॅडर नदीकाठच्या एका हॉटेलात राहायला गेले. युद्ध सुरू होते. लंडनवर बॉम्ब पडत होते. ऐंशी ओलांडलेले स्क्यूज नॅडरवर मासे पकडत होते, माश्या बांधत होते आणि पत्रे लिहीत होते.

यातली काही पत्रे फ्रँक सॉयर नावाच्या माणसाला गेली. सॉयर विल्टशरमधल्या एव्हन नदीवर रखवालदार होते. नदीतला गाळ काढणे, वनस्पती कापणे, माशांवर लक्ष ठेवणे हे त्यांचे काम. शिक्षण फार नाही, पण पाण्याखाली काय चालते हे त्यांना रोज दिसत होते. म्हाताऱ्या वकिलाने या रखवालदाराला लिहायला प्रोत्साहन दिले. पुढे सॉयर यांनी ‘फेझंट टेल निम्फ’ बांधला. त्यात रेशमी धागाच नाही. मोटर वाइंडिंगमध्ये दिसते तशी केसासारखी तांब्याची तार आणि फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू, एवढेच दोन घटक. तार धाग्याचेही काम करते आणि वजनाचेही, त्यामुळे माशी झटकन खाली जाते. पायांसाठीचे पीससुद्धा सॉयर यांनी काढून टाकले, कारण पोहणारा निम्फ पाय अंगाशी चिकटवून घेतो, हे त्यांनी पाहिले होते.

ही माशी आज जगात कुठेही, अगदी काश्मीरच्या ट्राउट नद्यांवरही, मासेमाराच्या डबीत सापडू शकते. फ्लाय फिशिंगच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये तर निम्फशिवाय पान हलत नाही. सॉयर यांचे ‘निम्फ्स अँड द ट्राउट’ १९५८ मध्ये आले.

ते पाहायला स्क्यूज नव्हते. ऑगस्ट १९४९ मध्ये, ९१ वा वाढदिवस काही दिवसांवर असताना त्यांचे निधन झाले. माश्या बांधण्यावरचे त्यांचे ‘सिल्क, फर अँड फेदर’ १९५० मध्ये आणि इचेनच्या आठवणींचे पुस्तक १९५१ मध्ये, दोन्ही त्यांच्या मृत्यूनंतर आली. विंचेस्टरजवळ ॲबट्स बार्टनच्या काठावर आता त्यांच्या नावाचा एक दगड आहे. त्यांनी या पाण्यावर १८८३ ते १९३८ मासेमारी केली, असे त्यावर कोरलेले आहे.